तिसरी तार कुठे आहे?

नवा गीझर बसला. वायरमनने बटण दाबलं, लाल दिवा लागला, पाणी तापलं. पैसे दिले, तो गेला. घरात सगळे खूश. पण गीझरला अर्थिंग मिळतं का, हे कोणी विचारलं?

कोणीच नाही. कारण अर्थिंग नसलं तरी पाणी तापतंच.

सगळी गोम इथे आहे. घरातलं उपकरण चालायला दोन तारा पुरतात, फेज आणि न्यूट्रल. तेवढ्यावर पंखा फिरतो, फ्रिज गार करतो, मिक्सर चटणी वाटतो. तिसरी, हिरवी तार रोजच्या कामात कुठेच येत नाही. ती उपयोगी पडते एकाच दिवशी, ज्या दिवशी आतली फेज सुटून पत्र्याला टेकते. तोपर्यंत ती आहे की नाही, हे घरात कोणालाही कळत नाही.

आणि जे दिसत नाही, त्याचे पैसे मोजायला आपण तयार नसतो.

म्हणून ‘लाईट लागली म्हणजे काम झालं’ हीच आपल्याकडे वायरमनची परीक्षा. या परीक्षेत वीस वर्षांचा मुरलेला कारागीर आणि गेल्या महिन्यात पक्कड हातात घेतलेला पोरगा, दोघांनाही शंभरपैकी शंभर. मग निवड कशावर करायची? जो शंभर रुपये कमी घेईल त्याच्यावर.

जिवाचा भाव शंभर रुपये?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अपघाती मृत्यूंची आकडेवारी दरवर्षी येते. विजेच्या धक्क्याने देशात वर्षाला बारा हजारांहून जास्त माणसं जातात. यात शेतातली तुटकी तार आहे, डीपीवर चढलेला शेतकरी आहे, आणि ओल्या हाताने कूलरला शिवलेलं लेकरूही आहे. बातमी येते चार ओळींची. ‘शॉक लागून मृत्यू.’ आगीची बातमी असेल तर ठरलेलं वाक्य असतं, कारण शॉर्टसर्किट असल्याचा प्राथमिक अंदाज.

वायरिंग कोणी केलं होतं, हे पाचव्या ओळीत का येत नाही?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, 2010 चे, आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच होता तसा बदलणं वेगळं. त्यापलीकडचं काम, म्हणजे नवा पॉइंट काढणं, वायरिंग वाढवणं, त्यात फेरफार करणं, हे सरकारी परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचं. देखरेखीला सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि हात लावणाऱ्या माणसाकडेही परवाना हवा. महाराष्ट्रात सरकारी कागदावर त्याला तारतंत्री म्हणतात.

म्हणजे बैठकीच्या खोलीत एसीचा नवा पॉइंट काढला, की तुम्ही या नियमात आलात.

तुमच्या घरी गेल्या दहा वर्षांत जे जे वायरमन आले, त्यांतल्या एकाचा तरी परवाना तुम्ही पाहिलाय? गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचं लायसन्स आपण आधी मागतो. भिंतीच्या आत 230 व्होल्ट पेरून जाणाऱ्याला विचारतो, ‘किती वेळ लागेल?’

वायरमनला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन्ही दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या पोराला अर्थिंग का लागतं, हे पक्कं ठाऊक असतं. मग तो ते करत का नाही? कारण पहिल्याच घरात त्याने हिरव्या तारेचे पैसे सांगितले आणि मालक म्हणाले, ‘ती राहू द्या, आधी पण नव्हती.’ दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तो बोललाच नाही.

त्याला हे आपण शिकवलं.

पॉइंटच्या दराने काम द्यायचं, दिवसात संपवायचा तगादा लावायचा, आणि तपासणीचा वेळ मात्र त्याच्या खिशातून काढायचा. तो माणूस मीटर लावून प्रत्येक सॉकेट तपासत बसला, तर त्याला त्याचे पैसे कोण देणार? बिल तर पॉइंटचंच मिळणार.

आणखी एक वाईट सवय आपलीच. तो म्हणतो, ‘मेन बंद करतो.’ घरातून आवाज येतो, ‘अहो, सीरियल चालू आहे, तसंच करा ना.’ आणि तो तसंच करतो, चालू लाईनवर, स्टुलावर उभा राहून, एका हाताने. त्याला शॉक लागला तर पोलिसांत लिहिलं जाईल ‘काम करताना’. मेन बंद करायला कोणी नाही म्हटलं, ते कुठेही लिहिलं जात नाही.

जो वायरमन मेन बंद केल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही, त्याला परत बोलवा. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही काही पॉइंट जिवंत राहतात. हे तुम्ही न सांगता ज्याच्या लक्षात येतं, त्याचा नंबर शेजाऱ्यांनाही द्या.

आता एमसीबीबद्दल. शहरातल्या बहुतेक घरांत बॉक्स उघडला की एमसीबीची रांग दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. ‘आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे, काही झालं की पडतं.’

काही झालं की पडतं, पण माणसाला शॉक लागला म्हणून पडत नाही.

एमसीबी तारेला वाचवतो. तारेतून झेपण्यापेक्षा जास्त करंट गेला तर ती तापते, वेष्टण वितळतं, आग लागते. ते टाळायला तो असतो. सगळ्यात लहान, दिव्यांसाठीचा एमसीबी साधारण 6 अँपिअरचा, म्हणजे 6000 मिलीअँपिअरचा. आणि माणूस? दहाच्या पुढे काही मिलीअँपिअर गेले की हाताचे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभरच्या घरात हृदयाचा ठोका बिघडतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. 230 ला 1000 ने भागा. 230 मिलीअँपिअर. हजारात मोजणाऱ्या एमसीबीला ते जाणवतही नाहीत.

नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण 40 मिलीअँपिअर घेतो. माणूस मरायला याहून फार जास्त लागत नाही.

एमसीबी तुमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे आरसीसीबी. फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत ताडून पाहतो. 30 मिलीअँपिअरचा फरक दिसला, म्हणजे वाटेत कुठेतरी गळती आहे, कदाचित माणसाच्या अंगातून. 0.3 सेकंदाच्या आत तो लाईन तोडतो. किंमत चांगल्या कंपनीचा घेतला तरी साधारण दोन-तीन हजार. मुलाच्या वाढदिवसाचा केक आणि फुगे यांत एवढे जातात.

मग घरोघरी तो का नाही?

काही घरांत होता. बसवला होता. पहिल्या पावसाळ्यात तो वारंवार पडायला लागला. वायरमनला बोलावलं. त्याने निदान केलं, ‘साहेब, हा फार सेन्सिटिव्ह आहे.’ आणि तो बाजूला काढून लाईन थेट जोडली. त्रास संपला. सगळे परत खूश.

तो पडत होता, कारण घरात कुठेतरी करंट गळत होता!

गिझरची कॉइल फुटली असेल, बाथरूमच्या भिंतीत ओल शिरून जॉइंट भिजला असेल, गच्चीवरच्या पंपाची केबल सोलवटली असेल. तो दोष शोधायचा तर एकेक सर्किट सुटं करावं लागतं, वेष्टणाचा रोध मोजणारा मेगर लावावा लागतो, अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची नाही, म्हणून आपण पहारेकऱ्यालाच घालवलं. गळती आहे तिथेच आहे. आता फक्त सांगणारा कोणी उरला नाही.

‘आरसीसीबी काढून टाकू’ असं जो म्हणेल, त्याला तिथूनच नमस्कार करा. ‘लीकेज कुठे आहे ते शोधू, वेळ लागेल’ असं म्हणणाऱ्याला चहा द्या आणि पूर्ण पैसे द्या.

याच जातीची दुसरी करामत. एसी लावला की एमसीबी पडतो. उपाय? 16 चा काढून 32 चा बसवा. आता पडत नाही. कसा पडेल? भिंतीतली तार दीड चौरस मिलिमीटरचीच राहिली, तिच्यावर पहारा मात्र 32 चा. आता तार लाल होईल, एमसीबी शांत बसेल. पूर्वी कटआउटमध्ये फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार पिळून घालायचे, तेच हे, फक्त पॅकिंग नवं.

तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत वायरिंग झालं ते चार ट्यूबलाइट, तीन पंखे, एक टीव्ही, एक फ्रिज धरून. आज त्याच तारांवर दोन एसी, गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी. फर्निचर तीनदा बदललं. फॉल्स सीलिंग केलं. भिंतीतली तार कोणी बदलली?

गिझरला, एसीला एमसीबीच्या बॉक्सपासून वेगळी लाईन लागते, साधारण चार चौरस मिलिमीटरची तार आणि स्वतःचा एमसीबी. वायरमन जर म्हणाला, ‘जवळच्या बोर्डातून लूप मारून देतो,’ तर तो तुमचे पैसे वाचवत नाहीये.

आता अर्थिंगकडे परत येऊ, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे आहे.

थ्री-पिन प्लगची वरची पिन बघा. बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड. लांब अशासाठी, की ती सगळ्यात आधी आत जावी आणि सगळ्यात शेवटी बाहेर यावी. उपकरण जिवंत असेपर्यंत अर्थिंग सुटू नये. कोणीतरी इतका विचार करून ती बनवली. आपण काय करतो? टू-पिन चार्जर बसत नाही म्हणून त्या वरच्या भोकात पेनाचं टोक खुपसून आतली झडप उघडतो. किंवा इस्त्रीची थ्री-पिन टॉप तोडून दोन तारा काडीने थेट सॉकेटमध्ये कोंबतो.

हे फक्त खेड्यात होतं असं समजू नका. कोथरूड-डोंबिवलीतही होतं.

पण सॉकेटला तिसरं भोक असलं म्हणजे मागे अर्थिंग आहे, असंही नाही. कित्येक ठिकाणी त्या भोकामागे तारच नसते. आणि जिथे वायरमनला ‘अर्थिंग पाहिजेच’ असं ठणकावलं जातं, तिथे काही जण बोर्डाच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. मग तुमच्यासमोर फेज आणि अर्थमध्ये टेस्टलॅम्प लावून दाखवतात. दिवा लख्ख पेटतो. ‘बघा साहेब, अर्थिंग ओके.’

ओके कसलं? त्या घरात आता अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट अवस्था आहे.

का? घरात येणारी न्यूट्रल कधी कुठे तुटली, सैल झाली किंवा खांबावर फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडले गेले, तर त्या तुकड्यातून 230 व्होल्ट थेट फ्रिजच्या दारावर, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतात. उपकरणात काहीही बिघाड नसताना! आणि उपकरणात गळती झाली, तर आरसीसीबी असला तरी बऱ्याचदा गप्प, कारण पत्र्यावर उतरलेला करंट या तुकड्यातून न्यूट्रलनेच परत जातो, हिशेब जुळतो.

हे पकडायला मोठं यंत्र लागत नाही. सगळे प्लग काढायचे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन पाडायचा, आणि सॉकेटच्या न्यूट्रल व अर्थमध्ये मल्टिमीटर लावायचा. दोघांत सलगता आली, मीटर टीं वाजला, तर कुठेतरी तो तुकडा आहे. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी वायरमनच्या पिशवीत मल्टिमीटर हवा. नुसता टेस्टर घेऊन येणारा माणूस फेज आहे की नाही एवढंच सांगू शकतो.

पिशवी उघडली की बघा. मीटर निघाला का?

खरं अर्थिंग जमिनीत असतं, खड्ड्यात, पाइप किंवा प्लेट पुरून. भारतीय मानकांत त्यासाठी आयएस 3043 आहे. सोसायट्यांमध्ये तो खड्डा पार्किंगच्या कोपऱ्यात कुठेतरी असतो, बहुधा नव्या पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला. मीटर रूम रंगवताना तिथली हिरवी तार कापली गेली की अख्ख्या विंगचं अर्थिंग गेलं. वार्षिक सभेत लॉबीच्या टाइल्सवर दोन तास चर्चा होते. अर्थिंगचा रोध शेवटचा कधी मोजला, हा विषय पत्रिकेवर असतो?

आणि चांगलं अर्थिंग असलं तरी आरसीसीबी लागतो. गणित सोपं आहे. खड्ड्याचा रोध 5 ओहम धरा. गळती झाली तर 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर. 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्क्षणी पडायला किमान 80 लागतात. 46 वर तो तापून सावकाश पडेल. तोवर पत्रा जिवंत. अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही हवेत. एक आहे म्हणून दुसरं वाचवू नका.

आरसीसीबी असला तरी सगळ्यातून सुटका नाही, हेही सांगितलं पाहिजे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलीत, तर त्याच्या लेखी तुम्ही एक उपकरण आहात. तो पडणार नाही.

विदर्भात तर हा विषय मार्चमध्येच सुरू होतो. माळ्यावरून कूलर खाली येतो, वाळ्याच्या ताट्या बदलतात, पंपाला तेल-पाणी होतं. नागपूर, अकोला, चंद्रपूर, पारा 45 च्या पुढे. कूलर ही तिथे चैन नाही. पण लोखंडी पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी, समोर अनवाणी माणूस. शॉक लागण्यासाठी जे जे लागतं, ते सगळं एका जागी. महावितरण दर उन्हाळ्यात आवाहन करतं, कूलर बंद करून, प्लग काढूनच पाणी भरा, अर्थिंग तपासून घ्या. दर उन्हाळ्यात मृत्यूही होतातच.

ताट्यांवर खर्च करणारे आपण पंपाची दोन पदरी वायर बदलून तीन पदरी का घेत नाही?

कोकणात आणि घाटमाथ्यावर हेच पावसाळ्यात होतं. पत्र्याच्या पडवीला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. त्याच पत्र्यावरून सोललेली सर्व्हिस वायर गेलेली. ओले कपडे टाकायला बाई येते, दोरीऐवजी तार असते, आणि तिला वाचवायला धावलेला नवराही चिकटतो. या एका बातमीत दोन-दोन, तीन-तीन माणसं जातात. प्लॅस्टिकची दोरी काही रुपयांत मिळते. लोखंडी तार आजच काढा.

कोणी चिकटलं असेल तर आधी मेन बंद. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडाने, कोरड्या जागी उभं राहून तार बाजूला. हात लावायचा नाही, कितीही जवळचं माणूस असलं तरी. मग 108. आणि माणूस उठून बसला, हसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी डॉक्टरकडे न्या. ठोक्याची गडबड नंतरही उद्भवू शकते.

पाण्याच्या बादलीतला हीटर रॉड? बटण चालू ठेवून पाणी किती तापलं ते बोटाने बघायची पद्धत अजून आहे. बंद करून, प्लग काढून मग बोट घाला. इतकंच.

वायरमन शोधताना काय विचारायचं? परवाना आहे का, नंबर काय. गिझरला कितीची तार घालणार, कितीचा एमसीबी. अर्थ कुठून घेणार. काम झाल्यावर तपासून दाखवणार का. त्याला राग येत असेल तर बरंच झालं, आधी कळलं. खरा कारागीर या प्रश्नांवर खूश होतो, कारण इतक्या वर्षांत त्याला हे विचारणारं गिऱ्हाईक भेटलेलंच नसतं. ॲपवरून आलेला असो की चौकातल्या दुकानातला, प्रश्न तेच. आणि तुम्ही बोलावलं त्याच्याऐवजी त्याचा ‘मुलगा’ आला, तर परवाना कोणाचा आणि हात कोणाचे, हेही विचारा.

बिल घ्या. नाव, परवाना क्रमांक, तारेचा आकार, तारीख. वेष्टणावर आयएस 694 छापलेलीच तार घ्या आणि उरलेला तुकडा ठेवून द्या. रंगही बघा. हिरवी तार फेजला जोडली असेल तर पुढच्या वायरमनचा जीव तुम्ही धोक्यात घातला.

नव्या मीटरसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट हा कागद तर सगळ्यांनी पाहिला असेल. परवानाधारकाची सही, शिक्का. त्या सहीच्या माणसाला तुमच्या घरात मेगर घेऊन आलेलं तुम्ही पाहिलं होतं का? नसेल, तर त्या कागदावर विसंबून लेकरांना झोपवू नका.

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. तिथे ठिणगी उडाली, तार लोंबली, तर महावितरणचा 1912 आहे. मीटरच्या आतल्या बाजूचं सगळं तुमचं.

आता हा लेख बाजूला ठेवा आणि घरातला बॉक्स उघडा. सगळ्यांत रुंद दिसणाऱ्या स्विचवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण शोधा. दाबा. घरातली वीज गेली पाहिजे. नाही गेली, तर तो आरसीसीबी निकामी आहे, बदलून घ्या. गेली, तर दर काही महिन्यांनी असंच दाबून बघत जा. आणि तसलं बटण असलेला स्विच सापडलाच नाही, तर तुमच्या घरात आरसीसीबी नाही. या रविवारच्या आत परवाना असलेला वायरमन बोलवा आणि बसवून घ्या.